वारणेच्या खोऱ्यात कॅमेरा घेऊन : आधी दरी, मग गवा

वारणाकाठ (शिराळा)

मंडळी, चांदोलीला जायचंय, कोणती लेन्स नेऊ, असं विचारणारे निरोप हल्ली फार येतात. ताडोबा करून आलेली माणसं तर थेट विचारतात, सहाशे मिलिमीटरची लेन्स पुरेल का? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावं.

माझं म्हणणं असं आहे, की चांदोलीत प्राण्याच्या चेहऱ्यामागं धावू नये. दरी आणि प्राणी एकाच चौकटीत मावतील असा फोटो काढावा. हे जंगल तसंच घडलेलं आहे आणि तसंच दिसतं.

आधी भूगोल. १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. उद्यानाचं क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं. मधोमध वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर, पश्चिमेला कोकणात तुटणारा कडा. वारणेच्या उगमाकडं पाथरपुंज आहे, जिथं राज्यातला सगळ्यात जास्त पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांशी दरवर्षी बरोबरी होते. एवढा पाऊस झेलणारं रान दाट असणार, उतारावर असणार, आणि त्यात जनावर दिसणार ते क्षणभर. ताडोब्यात सपाट रस्त्यावर वाघ समोरून चालत येतो, तसं इथं होत नाही. इथं प्राणी उघड्यावर येतात ते तीनच ठिकाणी : सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर), धरणाच्या ओसरत्या पाण्याच्या काठाला, आणि जुन्या गवताळ पट्ट्यांत. तिन्ही ठिकाणं बहुतेक वेळा गाडीपासून लांब असतात, दोन-तीनशे मीटर तर सहज.

आता सहाशेची लेन्स लावून तीनशे मीटरवरच्या गव्याचा फोटो काढा. सकाळी नऊनंतर जांभा तापतो, त्यावरची हवा थरथरायला लागते आणि त्या हवेतून काढलेला एकही फोटो धारदार येत नाही. लेन्स दोन लाखांची असो की वीस हजारांची, फरक पडत नाही. त्याच जागी सत्तर-दोनशे लावा. गव्यांचा कळप, त्यामागं पाणी, पाण्यामागं एकामागून एक डोंगराच्या रांगा. हा फोटो पाहणाऱ्याला कळतं, की हे वारणेचं खोरं आहे. नुसत्या गव्याचं डोकं काढलंत तर तो गवा राधानगरीचा, नागझिऱ्याचा की कुठला, कोण सांगणार?

एक्सपोजरचंही इथं ध्यानात ठेवावं लागतं. गवा काळाभोर, गवत वाळून पांढुरकं. चौकटीत गवत जास्त आणि गवा लहान असेल, तर कॅमेरा उजेड जास्त आहे असं समजून फोटो गडद करतो आणि गवा निव्वळ काळा डाग होतो. अशा वेळी एक्सपोजर अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) अधिक द्या आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, गवत फाटत म्हणजे पांढरंफटक होत नाही ना, ते बघा. उलट गवा चौकट भरून असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, तिथं पाऊण स्टॉप उणे. त्याच्या पायांचे पांढरे मोजे उन्हात पहिल्यांदा जळतात, म्हणून कोवळं ऊन किंवा ढगाळ आभाळ सगळ्यात बरं.

ऋतूंबद्दल : पावसाळ्यात उद्यान बंद असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळं वसंतसागरावरून वाफ उठते आणि दरी धुक्यानं भरते. सूर्य उगवला की पश्चिमेच्या कड्याचा माथा आधी उजळतो आणि खालची दरी बराच वेळ सावलीत राहते. एका चौकटीत दोन्ही धरायचं तर रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि उजळलेल्या माथ्यावर उजेड मोजून घ्या, सावली नंतर उचलता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी फुलते, खोडाला चिकटून निळी-जांभळी फुलं. तिथं लांबची लेन्स ठेवून द्या आणि झाडाखाली जमिनीवर पडलेला सडासुद्धा काढा. एप्रिल-मे म्हणजे धूसर हवा आणि वणव्यांचा धूर, पण पाणी ओसरून काठाला कोवळं गवत येतं आणि सांबरं संध्याकाळी तिथं उतरतात.

बाकी प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगतो.

मिरज_जंक्शन

वारणाकाठ दादा, छान लिहिलंय. माझ्याकडं साधी बॉडी, किट लेन्स आणि ५५-२५० एवढंच आहे. नोकरीला लागून वर्षच झालंय, मोठी लेन्स घेणं आत्ता जमत नाही. एवढ्यावर जाण्यात अर्थ आहे का?

वारणाकाठ

अर्थ आहे म्हणजे काय, पुष्कळ आहे. वर जे लिहिलंय ते सगळं तुमच्या ५५-२५० वर निघतं. पैसे खर्चायचेच असतील तर दोन गोष्टींवर खर्चा. सीपीएल फिल्टर घ्या, पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी त्यानं जाते. आणि जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, आत तांदूळ किंवा मोहरी भरा. गाडीच्या खिडकीवर ती टेकवून लेन्स तिच्यावर ठेवली की हात थरथरत नाही. गाडीत ट्रायपॉड उघडायला जागाच नसते. इंजिन बंद करायला सांगायला विसरू नका, त्याच्या कंपनानं लांबचा फोटो हलतो.

आणि चांदोलीच्या आधी सागरेश्वरला जा. मिरजेहून जवळ आहे. कडेगाव, पलूस, वाळवा तालुक्यांच्या शिवेवर, देवराष्ट्र्याजवळ. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घालवलं. तिथं चितळ, सांबर, काळवीट दिसतात आणि वरच्या टोकावरून कृष्णाकाठचा उसाचा सगळा पट्टा पायाखाली दिसतो. प्राणी आणि खोरं एका चौकटीत कसं धरायचं, याचा सराव तिथं होतो.

कोयनेचा_वारा (पाटण)

दादा, तुमचा अभ्यास मोठा आहे, तरी मला निम्मं पटलं नाही.

लांबून काढलेल्या फोटोत जनावर मुंगीएवढं दिसतं. मोबाइलवर बघणारा माणूस ते बोटानं पुढं सारतो. आमच्या पाटण तालुक्यात शाळेतल्या पोरांना मी फोटो दाखवतो, तेव्हा रानकुत्र्याचे डोळे, शेकरूच्या शेपटीचे केस, गव्याच्या कपाळावरचा पांढुरका पट्टा बघूनच ती पुढं सरसावून बसतात. "हे आपल्या डोंगरात राहतं?" असं विचारतात. दरीचा फोटो दाखवला तर म्हणतात, "ही तर आमच्या घरामागची दरी." जवळिकीशिवाय माया लागत नाही, असं माझं मत आहे.

दुसरं, जवळचा फोटो ओळखीला उपयोगी पडतो. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत वाघ असल्याचा पुरावा फोटोनंच दिला. मुंगीएवढ्या वाघावरून काय ओळखणार?

वारणाकाठ

कोयनेचा वारा, शाळेतल्या पोरांचा मुद्दा मान्य. पोरांना डोळे दाखवलेच पाहिजेत. शेकरू तर जवळूनच काढावं, ते झाडाच्या शेंड्यावर असलं तरी रस्त्याकडेलाही भेटतं. दाट रानात उजेड कमी असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका, दाणे आले तरी चालतील.

पण २०१८ चा तो फोटो कुणा छायाचित्रकारानं काढलेला नव्हता. वन विभागाच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे रानात बांधलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, आलेला होता. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. ते काम ती यंत्रं रात्रंदिवस करतात, तिथं कुणाची गाडी नसते, कुणी ओरडत नाही. ओळखीसाठी म्हणून आपण जवळ जायची गरज नाही.

मला काळजी वेगळीच आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून वाघीण चांदोलीत आणली. चांगलीच गोष्ट आहे, या डोंगरात मादी हवीच होती. पण तेव्हापासून येणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न, वाघ दिसेल का? एका सकाळी आमच्या पुढच्या गाडीतले लोक गाईडवर चिडले, कारण त्यानं गव्यांच्या कळपापाशी गाडी बरीच लांब थांबवली. कळपात वासरं होती. मोठी गाय मान वर करून एकटक बघत होती, कान पुढं, शेपटी थांबलेली. ती खूण ज्याला कळते तो पुढं जात नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत प्राण्यापासून कमीत कमी २० मीटर अंतर लिहिलंय. गव्याच्या वासरांसाठी मला तेही कमीच वाटतं.

जुनं_गावठाण

मी फोटोग्राफर नाही. हा धागा मुलीनं दाखवला म्हणून लिहितोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं गाव आता तुमच्या उद्यानात आहे. वारणेच्या वरच्या अंगाला. आधी धरणाचं पाणी आलं, मग अभयारण्य आलं, आणि हळूहळू गावंच्या गावं उठली. कुणी सांगली जिल्ह्यात, कुणी साताऱ्यात, कुणी कोल्हापुरात वसलं. मी तेव्हा शाळेत होतो. आता आम्ही वसाहतीत राहतो, ऊस लावतो.

वारणाकाठ, तुम्ही लिहिलंय की गवे जुन्या गवताळ पट्ट्यांत येतात. ते पट्टे आमची भाताची खाचरं आहेत. शेती थांबली म्हणून गवत माजलं आणि गवत आहे म्हणून गवे येतात. याचा मला राग नाही. जनावरं चरतात त्याचं बरंच वाटतं. पण पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि खाली लिहिलेलं असतं, "माणसाचा स्पर्श न झालेलं जंगल". ते वाचलं की जीव तुटतो. माझ्या आज्यानं ते बांध घातलेत. दगड डोक्यावरनं आणलेत.

तुम्ही फोटो काढा, लांबनं काढा, जवळनं काढा. पण आमचं रान "कुणाचंच नव्हतं" असं लिहू नका, एवढीच विनंती.

निळी_शाल (कराड)

काका, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काहीच लिहिता आलं नाही. मी कराडची, आणि आमच्या शेजारी कोयनेच्या पाण्यामुळं उठलेली कुटुंबं राहायची. कोयना धरणाच्या शिवसागराचे सूर्यास्ताचे फोटो आम्ही किती हौसेनं काढतो, पण त्या पाण्याखाली काय आहे हे फोटोखाली कधी लिहिलं जात नाही. यापुढं मी लिहीन.

वारणाकाठ दादा, एक विचारते. काकांनी सांगितलेले बांध फोटोत दिसतात का? मी तो पट्टा दुपारी पाहिला, मला तर नुसतं सपाट गवत दिसलं.

वारणाकाठ

जुनं गावठाण, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टचा मथळा "आधी दरी" असा आहे, आणि दरी म्हणताना तुमचे बांध त्यात धरलेच पाहिजेत. ते वगळून काढलेला लांबचा फोटोही अर्धवटच.

निळी शाल, दुपारी नाही दिसत. ऊन डोक्यावर असताना बांधाची सावली पडत नाही, सगळं सपाट होतं. सकाळी पहिल्या तासात किंवा संध्याकाळी शेवटच्या तासात ऊन आडवं येतं, तेव्हा प्रत्येक बांधाला एक काळी रेघ उमटते. उतारावरची खाचरं पायरी-पायरीनं उघडी पडतात. उजेड समोरून किंवा बाजूनं यावा, पाठीमागून नको. उजेड पाठीशी घेऊन काढलात तर बांध पुन्हा बुजतात. गवत वाळलेलं असताना, म्हणजे जानेवारीनंतर, आणखी स्पष्ट. त्या पायऱ्यांवर गवे चरत असतील तर तो फोटो मला वाघापेक्षा मोठा वाटतो. त्यात एकाच वेळी इथं राहिलेली माणसं आहेत आणि आता राहणारी जनावरं.

मी माझ्या जुन्या फोटोंखालच्या ओळी पुन्हा वाचतोय. "जुनं भातखाचर, आता गव्यांचं कुरण" असं लिहायला किती जागा लागते?

सड्यावरचा_सरडा (सातारा)

उशिरा आलो. विषय चांदोलीचा असला तरी साताऱ्याकडच्या सड्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण "लहान प्राणी आणि मोठा देखावा" हे तिथं सगळ्यात छान जमतं आणि राष्ट्रीय उद्यानाचं तिकीटही लागत नाही.

ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांमुळं सगळ्यांना माहीत आहे. तिथं पंख्यासारखा गळा फुलवणारा सरडा आहे, निळा, काळा आणि केशरी. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा. नर उन्हाळ्यात, पावसाआधी, दगडावर चढून गळा उघडझाप करतात, मादीसाठी आणि दुसऱ्या नराला दटावण्यासाठी. ऊन चांगलं तापल्याशिवाय ते हालचाल करत नाहीत, म्हणून इथं लँडस्केपवाल्यांसारखं पहाटे जाऊन उपयोग नाही. साडेनऊ-दहाला जा. जमिनीवर पालथं झोपायचं, कॅमेरा सरड्याच्या डोळ्याच्या उंचीला. शटरचा वेग हजारच्या (१/१००० सेकंदाच्या) वर ठेवा, गळा निमिषात मिटतो. रुंद लेन्सनं काढायचा प्रयत्न करा, सरडा पुढं आणि पाठीमागं फिरती पाती.

आणि त्या पात्यांमुळं पठारावर काय बदललंय ते ऐका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी झालेत. त्यामुळं तिथं सरडे जास्त, आणि ते माणसाला अधिक जवळ येऊ देतात, कारण वरून झडप घालणारं फारसं कुणी उरलेलं नाही. पण तिथले सरडे अंगानं बारीक, त्यांच्या गळ्याचे रंगही फिके. पक्षी असलेल्या भागातला सरडा लवकर पळतो, पण रंग त्याचाच झळझळीत.

आम्हा फोटो काढणाऱ्यांना वाटतं, जनावर जवळ येऊ देतंय म्हणजे सगळं आलबेल आहे. चाळकेवाडीत तसं नाही. म्हणून मी दोन्ही भागांत काढतो आणि कुठला फोटो कुठल्या भागातला, ते लिहितो. दगड मात्र उलटवू नका. खाली विंचू असतोच, आणि सरड्याचं घर मोडतं ते वेगळं.

मिरज_जंक्शन

सरड्याचं पहिल्यांदाच ऐकलं. मी कासला गेलेलो, पण चाळकेवाडी शेजारीच आहे आणि तिथं असं काही आहे हे माहीत नव्हतं.

माणदेशी

कोरड्या बाजूलाही या कधीतरी. मायणीचा तलाव, माणचे माळ. तिकडं रांगा नाहीत, धुकं नाही, आभाळ मात्र भरपूर. त्यावर वेगळा धागा काढतो.

रानझरा (इस्लामपूर)

पक्ष्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

धनेश बघायचा असेल तर त्याच्या मागं फिरू नका. फळलेला उंबर किंवा वड शोधा आणि लांब बसून राहा, तो स्वतः येतो. मलबार राखी धनेश असा सगळ्यात सोपा. पण उन्हाळ्यात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून एका बारीक फटीतून तिला आणि पिलांना फळं भरवतो. ढोलीसमोर माणसं उभी राहिली की नर खाऊ घेऊन झाडावर यायचा थांबतो, लांबच्या फांदीवर ताटकळतो. आपण तास काढला तर आतल्यांची एक पाळी चुकली. ढोलीचा फोटो न काढलेलाच बरा, आणि जागा कुणाला सांगूच नका.

बेडूकतोंड्या या रात्री जागणाऱ्या पक्ष्याचंही तेच. दिवसभर वाळक्या पानासारखा एकाच फांदीवर बसतो, त्यामुळं एकदा जागा कळली की रांग लागते. फ्लॅश मारतात, फांदी हलवतात, मोबाइलवर आवाज लावतात. आवाज लावून पक्षी बोलावणं मला अजिबात मान्य नाही. विणीच्या काळात तो आपली हद्द राखायला धावत येतो, समोर कुणीच नसतं, आणि त्याची ताकद फुकट जाते.

फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंद बंद करा. "चांदोली" किंवा "कोयना" एवढं पुरे.

कोयनेचा_वारा

रानझरा, जागेच्या नोंदीबद्दल शंभर टक्के सहमत.

वारणाकाठ दादा, मी माझ्या मतावर अजून थोडा ठाम आहे, पोरांना डोळे दाखवणारच. पण गावठाणकाकांनी लिहिलेलं वाचून पोरांच्या पुढच्या तासाला दरीचा फोटोही दाखवीन, आणि "ही आमच्या घरामागची दरी" असं ती म्हणाली, की तिथूनच बोलायला सुरुवात करीन. आजवर ते वाक्य मी सोडून द्यायचो.

आता माझ्याकडची थोडी माहिती. रांगांचे थर काढायचे असतील तर एप्रिल-मे अगदीच वाईट असं नाही. वळवाचा एखादा जोरदार पाऊस पडून गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी हवा धुतलेली असते. धूर बसतो, धूळ बसते, आणि लांबवरच्या रांगासुद्धा वेगवेगळ्या मोजता येतात. आदल्या रात्री वळीव झाला असेल तर पहाटे निघायचं, आळस करायचा नाही. तेव्हा दोनशे-तीनशेच्या लेन्सनं रांगा एकमेकींना चिकटलेल्या येतात, रुंद लेन्सनं मात्र त्या बारीक होऊन जातात.

वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांसाठी : बामणोलीहून होडीनं शिवसागर ओलांडायचा, पलीकडं मेट इंदवलीला वन विभागाची नोंद, प्लॅस्टिकची तपासणी, आणि संध्याकाळच्या आत परतायचं. त्यामुळं वर गडावरून सूर्यास्त मिळणार नाही, तसली आशा धरून ट्रायपॉडचं ओझं नेऊ नका. उजेड चांगला मिळतो तो जाताना होडीतूनच. पहिली होडी धरा, पाण्यावर धुकं असतं. होडी हलते म्हणून शटर पाचशेच्या वर. वर बाबूकड्यावर दुपारचं ऊन असलं तरी त्याची खोली फोटोत यायला माणूस हवा, एखाद्या सोबत्याला काठापासून सुरक्षित अंतरावर उभं करा. वाटेत दाट रान आहे, अस्वल आणि गवा दोन्ही आहेत, म्हणून फोटोच्या नादात गटापासून मागं राहू नका.

निळी_शाल

ड्रोनचं काय? आमच्या ग्रुपमध्ये एकानं नवीन घेतलाय. बांधांच्या पायऱ्या वरून फार सुंदर दिसतील असं म्हणतोय.

वारणाकाठ

दिसतील, पण चालणार नाही. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि हौसेसाठी ती मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याच्या कलम २८ प्रमाणं अभयारण्यात फोटोग्राफीसाठी जाणं हेच मुळात परवानगीनं होतं. तिकिटाबरोबर कॅमेऱ्याची पावती घेतो ती त्याचसाठी. शिवाय सर्पगरुड, मोरघार हे पक्षी ड्रोनवर झडप घालतात, पंख कापले जातात. बांध आडव्या उन्हात जमिनीवरूनच काढा, चांगले येतात.

मिरज_जंक्शन

दादा, शेवटचं विचारतो. जाधववाडीच्या गेटवरून आत जायला सकाळी मिरजेहून किती वाजता निघू? आई-बाबांनाही न्यायचं आहे.

आणि गावठाणकाका, गवतात गावाची जागा ओळखायची कशी? मला फोटोखाली बरोबर लिहायचं आहे.

वारणाकाठ

गेट उघडायच्या वेळा ऋतूप्रमाणं बदलतात, आदल्या दिवशी वन विभागाला फोन करून घ्या. मी म्हणेन आदल्या रात्री शिराळा किंवा मणदूरच्या आसपास मुक्काम करा. मिरजेहून पहाटे निघालात तरी शेडगेवाडी, आरळा, सोनवडे करत पोचेस्तोवर धुकं विरलेलं असेल. आई-बाबांना आत चालायचं फारसं नसतं, फक्त रस्ता कच्चा आहे, कंबरेचा त्रास असेल तर उशी घ्या. पाणी आणि डबा बरोबर हवाच, आत काही मिळत नाही. कपडे मातकट रंगाचे.

जुनं_गावठाण

मिरजकर, सांगतो.

आंबा नाहीतर फणस रानात एकटादुकटा असतो. ओळीनं उभे दिसले की ते लावलेले, तिथं परडं (घरामागची बाग) होतं. जांभ्याचे चौकोनी घडलेले चिरे गवतात दिसले तर घराचं जोतं. पाण्याकडं उतरत जाणारी दगडी बांधाची रेघ म्हणजे खाचर, आणि वरच्या कोपऱ्यात पाणी धरायला खोलगट जागा असली तर तिथं रोपाचा तरवा व्हायचा. देऊळ असलं तर छप्पर गेलेलं असेल, पण देवाचे दगड जागेवर असतात, कुणीतरी वर्षातनं एकदा येऊन शेंदूर लावून जातं. त्याला हात लावू नका, फोटो काढला तर चालंल.

नाव कळत नसलं तर गाईडला विचारा. त्यातले पुष्कळ जण आसपासच्या वाड्यांतले आहेत, कुठल्या पट्ट्याला कोणतं गाव होतं ते त्यांना पाठ आहे. ते सांगतील ते नाव लिहा.